केळशीची वाळू आणि 1524 चा समुद्र

दापोली तालुक्याच्या उत्तर टोकाला भारजा नदी समुद्राला मिळते. दक्षिण तीरावर केळशी, खाडीपलीकडे साखरी, आणखी वर वेळास आणि बाणकोट. केळशी म्हटलं की कोकणातल्या माणसाला महालक्ष्मीची चैत्रातली यात्रा आणि याकुबबाबांचा दर्गा आठवतो. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना मात्र खाडीच्या तोंडाशी असलेली वाळूची टेकडी आठवते. खाडीवरच्या पुलाच्या जोडरस्त्यासाठी ही टेकडी कापली गेली. कापलेल्या उभ्या भिंतीत खापरं, कोळसा, हाडं, शिंपले असे माणसाच्या वावराचे थर उघडे पडले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी या थरांचा अभ्यास केला. वाळूत बहमनी सुलतान पहिला अहमदशहा याचं नाणंही मिळालं. मराठे यांनी मांडलं की ही वाळू वाऱ्याने वर्षानुवर्षं रचलेली नाही, ती सुनामीने आणून टाकलेली आहे.

2021 मध्ये सी. पी. राजेंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूभौतिकशास्त्राच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात केळशीवर शोधनिबंध लिहिला. शीर्षकातच त्यांनी या लाटेला 1524 ची ‘अनाथ सुनामी’ म्हटलं. अनाथ अशासाठी की लाटेच्या खुणा आहेत, पण तिला जन्म देणारा भूकंप कोणता ते ठरलेलं नाही.

तेव्हापासून केळशी आणि 1524 ही जोडी पक्की झाली. बातम्यांत, पर्यटनाच्या माहितीत, शाळेच्या सहलीत ती सांगितली जाते. मला या जोडीची गाठ तपासायची आहे. सुनामी आली नाही असं म्हणण्यासाठी माझ्याकडे पुरावा नाही आणि तसा माझा हेतूही नाही. पण 1524 हे साल वाळूने सांगितलेलं नाही. ते कागदाने सांगितलं आहे. तेव्हा आधी कागद काय म्हणतो ते नीट वाचायला हवं, मग वाळू काय म्हणते ते वेगळं ऐकायला हवं, आणि त्यानंतरच दोघांची भेट घालायला हवी.

कागद पोर्तुगीजांचे आहेत. वास्को द गामा तिसऱ्या खेपेला लिस्बनहून निघाला तो 9 एप्रिल 1524 रोजी. या वेळी तो व्हाइसरॉय म्हणून येत होता, सोबत चौदा जहाजांचा ताफा होता. वाटेत काही जहाजं गमावून ताफा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपल्या किनाऱ्याजवळ आला. चौल गाठायचं होतं. वारा पडला होता, समुद्र शांत होता. अशा वेळी अंधारात जहाजं एकाएकी हादरू लागली. धक्के इतके जोरात होते की प्रत्येक जहाजावरच्या लोकांना वाटलं, आपण खडकावर लागलो. खलाशांनी दोरीला बांधलेलं शिसं पाण्यात सोडून खोली मोजली, तर तळच लागेना. धक्के थांबले, पुन्हा आले. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की हा भूकंप आहे. घाबरलेल्या लोकांना गामाने धीर दिला तो असा, की समुद्रच आपल्याला भिऊन थरथरतो आहे. ही गोष्ट पोर्तुगालमध्ये इतकी गाजली की 1572 मध्ये छापलेल्या ‘लुझिआदश’ या महाकाव्यात कामोंइशने ती भविष्यवाणीच्या रूपात गोवली. गामा स्वतः त्याच वर्षी 24 डिसेंबरला कोचीनला वारला.

हा प्रसंग ज्यांनी लिहून ठेवला त्यांच्यात तिघे महत्त्वाचे आहेत आणि तिघांची पारख वेगवेगळी करावी लागते. गास्पार कोरेआ 1512 मध्ये हिंदुस्थानात आला, पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कचा लेखनिक होता, आयुष्याचा मोठा भाग त्याने इथेच काढला. त्याची बखर मात्र हस्तलिखितातच राहिली आणि एकोणिसाव्या शतकात, 1858 पासून पुढे छापली गेली. त्याचं वर्णन जिवंत असतं, तारखांच्या बाबतीत तो ढिला आहे. फेर्नाओ लोपिश द कास्तान्येडा 1528 ते 1538 अशी दहा वर्षं हिंदुस्थानात होता. म्हणजे घटना घडली तेव्हा तो इथे नव्हता, पण ती पाहिलेली माणसं त्याला भेटली असणार. त्याचा ग्रंथ 1551 पासून छापला जाऊ लागला. तिसरा जोआओ द बारुश. तो हिंदुस्थानात कधीच आला नाही. लिस्बनच्या ‘काझा द इंडिया’ या सरकारी व्यापार-कचेरीत बसून, तिथे येणाऱ्या पत्रांवरून आणि हिशेबांवरून त्याने इतिहास रचला. त्याचा संबंधित खंड 1563 चा.

आता जागा पाहू. कोरेआ दाभोळच्या समुद्राचं नाव घेतो. दुसऱ्या वृत्तांतांत खंबायतच्या बाजूचा किनारा येतो. दाभोळ आणि खंबायतचं आखात यांच्यात अख्खं उत्तर कोकण आणि दक्षिण गुजरात आहे. अंधारात, जमीन दिसत नसताना, अनेक महिन्यांच्या प्रवासानंतर पोर्तुगीज सुकाणूवाल्याने आपण नेमके कुठे आहोत याचा अंदाज केला असेल तर तो एवढा चुकणं शक्य आहे. केळशीचं नाव यांत अर्थातच नाही. केळशी आपण नकाशावर दाभोळच्या उत्तरेला पाहून जोडतो.

याहून महत्त्वाची बाब वृत्तांतात काय नाही ही आहे. जहाज हादरलं हे आहे. किनाऱ्यावर पाणी चढलं, गाव वाहून गेलं, होड्या शेतात जाऊन पडल्या, असं काही नाही. ताफा पुढे चौलला गेला, तिथून गोव्याला. पोर्तुगीजांनी चौलला 1521 पासून किल्ला बांधायला घेतला होता, तिथे त्यांची माणसं होती. किनारा बुडाल्याची बातमी तिथे पोचली असती तर ती या वर्णनात यायला हवी होती, असं कुणी म्हणेल. मी तो मुद्दा फार ताणणार नाही. व्हाइसरॉयच्या आगमनाच्या गोंधळात आदिलशहाच्या मुलखातल्या एका कोळीवाड्याची दैना लिहायची कुणाला गरज वाटली नसेल. पण मौन हा पुरावा नसला तरी पुराव्याच्या जागी दुसरं काही भरायचा परवानाही नसतो.

इथे समुद्राचं साधं शास्त्र मध्ये येतं. खोल पाण्यात सुनामी जहाजाला जाणवत नाही. लाटेची लांबी कित्येक किलोमीटर असते, उंची जेमतेम हातभर, ती जहाजाखालून निघून जाते. उलट भूकंपाचा धक्का तळातून पाण्यात शिरतो आणि सरळ जहाजाच्या बुडाला आदळतो. खडकावर लागल्याचा भास होतो तो त्यामुळे. म्हणजे कोरेआ आणि इतर जे सांगतात ते समुद्रातल्या भूकंपाचं उत्तम, खरं वाटणारं वर्णन आहे. सुनामीचं ते वर्णन नाही. सुनामींच्या आधुनिक याद्यांत दाभोळ, 1524 अशी नोंद दिसते, तिच्या बुडाशी हीच बखर आहे. भूकंपावरून लाटेचं अनुमान काढलेलं आहे. अनुमान चुकीचं असेलच असं नाही, पण ते अनुमान आहे.

‘अनाथ सुनामी’ हे नाव ज्या प्रकरणावरून रूढ झालं ते आठवलं की हा फरक डोळ्यात भरतो. जानेवारी 1700 मध्ये जपानच्या पूर्व किनाऱ्यावरच्या गावांत रात्री पाणी चढलं. कुठे किती घरं गेली, भाताचं किती नुकसान झालं, हे तिथल्या गावकामगारांनी आणि व्यापाऱ्यांनी लिहून ठेवलं. भूकंप मात्र कुणालाच जाणवला नव्हता. जवळजवळ तीनशे वर्षांनी अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, खारं पाणी शिरून जागेवर वाळलेल्या देवदारांच्या खोडांतली वलयं मोजली, तेव्हा ती झाडं 1699 च्या वाढीच्या हंगामानंतर आणि 1700 च्या वसंताआधी मेली असं निघालं. जपानी कागदात लाट होती आणि भूकंप नव्हता, तो महासागरापलीकडे सापडला. आपल्याकडे उलटं आहे. कागदात भूकंप आहे आणि लाट नाही, ती आपण वाळूत शोधतो आहोत. शिवाय जपानी कागदांत गाव होतं, प्रहर होता, नुकसान होतं. आमच्या कागदात किनाराच नाही.

बरं, केळशीत त्या काळाचे आपले कागद असतील का? कोकणातल्या घराण्यांची जी दप्तरं टिकली ती मुख्यतः सतराव्या-अठराव्या शतकातली. इनामाच्या सनदा, खोतीचे तंटे, देवस्थानचे हिशेब. 1524 साली दाभोळ इस्माईल आदिलशहाच्या ताब्यात होतं, चौलवर बुऱ्हाण निजामशहाचा अंमल होता, आणि केळशी या दोघांमधल्या किनाऱ्यावरचं छोटं बंदर. तेव्हा इथे साक्ष द्यायला वाळूच उरते.

वाळूतल्या वस्तूचं वय आणि मूळ कसं ठरवतात, आणि ठरवताना अभ्यासक कुठे घसरतात, याचा चांगला दाखला याच किनाऱ्यावर आहे. तो म्हणजे काचमण्यांचा वाद. केळशीहून तो दूरचा वाटेल, पण मला केळशीचा प्रश्न त्यातूनच उलगडतो.

हे मणी बारीक, मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढे. लाल, पिवळे, हिरवे, निळे, काळे. वितळलेल्या काचेची पोकळ नळी ओढून, ती थंड झाल्यावर तिचे तुकडे पाडून, ते राखेत घोळवून पुन्हा तापवायचे म्हणजे कडा गोल होतात. असा मणी भिंगाखाली धरला की काचेतले बुडबुडे भोकाला समांतर लांबट झालेले दिसतात. काच सळईवर गुंडाळून केलेल्या मण्यात बुडबुडे भोकाभोवती फिरतात. आंध्रातल्या पापनायडुपेट गावी ही नळी ओढायची पद्धत आपल्या काळापर्यंत टिकली, आणि डेक्कन कॉलेजच्या आलोक कानुनगो यांनी ती भट्टीपाशी राहून बारकाईने नोंदवली. पीटर फ्रान्सिस यांनी या मण्यांना ‘इंडो-पॅसिफिक’ हे नाव रूढ केलं, कारण ते आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून आग्नेय आशियाच्या पलीकडेपर्यंत सापडतात. सर्वांत आधीचं मोठं केंद्र त्यांनी पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला मानलं.

वयाचा घोळ इथेच सुरू होतो. 1929 मध्ये गर्ट्रूड कॅटन-थॉम्पसन या बाईंनी आफ्रिकेतल्या ग्रेट झिंबाब्वे या जुन्या दगडी वाड्यात खोदकाम केलं. तो दगडी वाडा आफ्रिकी लोकांनीच बांधला, हा त्यांचा निष्कर्ष तेव्हाच्या गोऱ्या वसाहतवाल्यांना झोंबला, आणि तो पूर्णपणे खरा ठरला. वय ठरवण्यासाठी मात्र त्यांनी जमिनीखाली सापडलेल्या काचमण्यांचा आधार घेतला. मण्यांचे जाणकार होरेस बेक यांनी ते दक्षिण हिंदुस्थान आणि मलायाकडच्या मण्यांशी जुळवले, आणि त्यावरून काळ आठव्या-नवव्या शतकाकडे गेला. पुढे कार्बनच्या कालमापनाने तिथलं मोठं दगडी बांधकाम कित्येक शतकं अलीकडे, तेराव्या ते पंधराव्या शतकाकडे आणलं. मणी जुळवण्यात डोळ्याची चूक नव्हती. एकाच घडणीचा मणी हजार वर्षं बनत राहिला, म्हणून दिसण्यावरून शतक सांगता येत नव्हतं.

अरिकमेडूचंही तसंच. मॉर्टिमर व्हीलर यांनी 1945 मध्ये तिथे इटलीहून आलेली तांबडी चकचकीत खापरं पाहिली. त्या खापरांचं वय युरोपात नेमकं माहीत होतं, म्हणून अख्खी वसाहत त्यांनी इसवी सनाच्या सुरुवातीला बसवली. विमला बेगली यांनी पुढे हे साहित्य पुन्हा तपासलं, 1989 पासून तिथे नव्याने खोदकाम केलं, आणि वसाहतीचा आरंभ निदान दोन शतकं मागे नेला. तारीख माहीत असलेली परदेशी वस्तू सापडली की तिच्याभोवती बाकी सगळं गोळा करायचा मोह होतो. तो मोह व्हीलरसारख्या शिस्तीच्या माणसालाही झाला.

आता मूळ. दुआर्ते बार्बोझा हा पोर्तुगीज कन्नूरच्या वखारीत लेखनिक होता. 1516 च्या सुमारास त्याने पूर्वेकडच्या बंदरांचं वर्णन लिहिलं. त्यात आफ्रिकेतल्या सोफाळ्याला सोन्याच्या बदल्यात काय खपतं हे सांगताना खंबायतचं कापड आणि राखी, तांबडे, पिवळे बारीक मणी येतात. हेही मोठ्या जहाजांतून खंबायतच्या राज्यातून येतात, असं तो म्हणतो. त्याआधी दीड हजार वर्षं, ‘पेरिप्लस’ नावाच्या ग्रीक बंदर-वाटाड्यात पूर्व आफ्रिकेला जाणाऱ्या मालात काचेचे खडे आहेत आणि भडोचला येणाऱ्या मालात कच्ची काच आहे. म्हणजे काच हिंदुस्थानात येतही होती आणि हिंदुस्थानातून मणी बाहेरही जात होते. बार्बोझाने खंबायत लिहिलं म्हणून मणी खंबायतला बनले असं ठरत नाही. व्यापारी मालाला ज्या बंदरातून गलबत सुटलं त्या बंदराचं नाव देतात.

2008 मध्ये लॉर ड्युसुबियो, डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौलच्या उत्खननातले मणी आणि केनियाच्या किनाऱ्यावरचे मणी एकाच कसोटीला लावले. लेसरने मण्याला डोळ्यांना दिसणारही नाही एवढं भोक पाडायचं आणि उडालेल्या वाफेतली मूलद्रव्यं मोजायची, अशी ही पद्धत. दोन्हीकडच्या कितीतरी मण्यांची काच एकाच जातीची निघाली. खारवट मातीतल्या सोड्याची, ॲल्युमिना भरपूर असलेली आणि युरेनियमचं प्रमाण लक्षात येण्याइतकं जास्त. दक्षिण हिंदुस्थान आणि श्रीलंकेतल्या जुन्या काचेत युरेनियम कमी आणि बेरियम जास्त असतं, त्यामुळे ही निराळी ओळखू येते. चौल आणि केनिया जोडले गेले, हे खरंच मोठं काम झालं.

पण लगेच चौलला काचेचा कारखाना होता म्हणणारे निघाले. त्यांनी आपल्या पायाखालचा दगड पाहावा. चौलच्या बाजूचा कोकण सगळा बेसाल्ट आणि जांभा. बेसाल्टात युरेनियम जवळजवळ नसतंच. एवढं युरेनियम वाळूत यायला ती वाळू ग्रॅनाइटच्या मुलखातून आलेली हवी. म्हणजे कच्ची काच घाटावरून किंवा उत्तरेकडून, कुठून तरी लांबून आली असणार. मणी कदाचित चौलला ओढले गेले, कदाचित तयारच आले आणि चौलला फक्त गलबतात चढले. शिवाय पुढच्या कामात हा गटसुद्धा दोन भागांत फुटला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नवव्या ते तेराव्या शतकांत येणारी काच एक, आणि चौदाव्या शतकापासून येणारी, चौलशी जुळणारी, दुसरी.

म्हणजे एका मण्याला निदान तीन वयं असतात. काच घडली ते, मणी त्या गावात पोचला ते, आणि तो ज्या थरात पुरला गेला ते. तिन्हींत काही दिवसांचं अंतर असेल किंवा शंभर वर्षांचं. आजीच्या गळ्यातले मणी नातीच्या गळ्यात जातात, माळ तुटते तेव्हा मातीत पडतात.

आता केळशीची भिंत पुन्हा पाहू. त्यात नाणं आहे. पहिल्या अहमदशहाने 1422 ते 1436 राज्य केलं. बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला नेली ती त्याने. नाणं ज्या थरात आहे तो थर 1422 च्या आधीचा असू शकत नाही, इथपर्यंत कुणाचं दुमत होणार नाही. वरची मर्यादा मात्र नाणं देत नाही. सुलतान मेला म्हणून त्याचं तांबं बाजारातून उठत नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला 1945-46 मध्ये हसमुख सांकळिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी खोदकाम केलं, तिथे बहमनी थरांत काचेच्या बांगड्या आणि मणी मोठ्या संख्येने निघाले, आणि थर लावायला नाण्यांचा आधार झाला. पुढे ‘हिस्टरी ऑफ इंडियन ग्लास’ लिहिणारे दीक्षित तेच. पण तिथे एकावर एक थर होते, खाली सातवाहन, वर बहमनी, आणि त्या क्रमात नाणी बसत होती. वाळूत क्रम इतका भरवशाचा राहत नाही. लाट असो की वारा, वाळू खालचं वर आणते.

मग कोळसा आणि शिंपले. कार्बनचं मापन लाकूड कधी वाढलं ते सांगतं, ते कधी जळलं हे नाही. जुन्या तुळईचा कोळसा त्याच्या आगीपेक्षा म्हातारा असतो. शिंपल्याची अडचण निराळी. समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच जुना असल्यामुळे जिवंत शिंपलासुद्धा सरासरी चारशे वर्षांचा दिसतो. त्याची दुरुस्ती प्रत्येक किनाऱ्यासाठी वेगळी करावी लागते. शिवाय लाट जे शिंपले वर फेकते त्यांतले पुष्कळ तळाशी मरून पडलेले असतात. हे सगळं जमेस धरून केळशीच्या थरासाठी जो पट्टा निघतो तो साधारण पंधरावं ते सतरावं शतक असा येतो. त्यात 1524 बसतं. पण त्यात आणखी एक नोंदलेलं सालही बसतं. डिसेंबर 1508 च्या शेवटच्या दिवसांत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिश्कु द आल्मेदाने दीवच्या लढाईला जाता जाता दाभोळ लुटलं आणि जाळलं. केळशीचा कोळसा त्या धामधुमीतला आहे असं म्हणायला कुठलाही आधार नाही, आणि मी तसं म्हणत नाही. पण दोन-अडीचशे वर्षांच्या पट्ट्यात आपल्याला माहीत असलेलं एखादं साल बसणारच. 1524 आणि 1508 यांपैकी एकाला उचलायचं तर ते कागदाच्या बळावर उचललं जातं, आणि मग त्याच सालाने कागद खरा ठरला असं म्हटलं तर वर्तुळ पुरं होतं. व्हीलरने अरिकमेडूला जे केलं तेच हे.

कुणी आणली वाळू, हा प्रश्न वयाहून वेगळा आहे आणि त्याची उत्तरं कणांत शोधावी लागतात. वारा सारख्या आकाराचे बारीक कण निवडून आणतो, जड शिंपले उचलत नाही. लाट लहान-मोठं सगळं एकदम आणते, खालचा थर खरवडून काढते, वर जाताना कण बारीक होत जातात, आणि खोल पाण्यातले सूक्ष्म जीव सोबत येतात. केळशीच्या शिंपल्यांनी भरलेल्या वाळूवरून लाटेचं अनुमान होतं ते या रीतीने, आणि ते मला वजनदार वाटतं. पण टेकडीतला एक थर लाटेचा असणं आणि अख्खी टेकडी लाटेने उभी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थर ठेवून लाट गेली आणि पुढची शतकं वाऱ्याने त्यावर वाळू चढवली, हे सहज शक्य आहे. शिवाय वादळ. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंतचा किनारा झोडपला. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. वादळात फुगलेला समुद्र वाळू आणि शिंपले किती आत टाकू शकतो हे इथल्या माणसाला पुस्तकातून शिकायची गरज नाही. सुनामीचा थर आणि वादळाचा थर वेगळा ओळखणं जगभरातच कठीण मानतात.

राहिला भूकंप. अरबी समुद्रात सुनामी उठवायला सर्वांत संशयित जागा म्हणजे मकरानचा किनारा. 28 नोव्हेंबर 1945 ला तिथे मोठा भूकंप झाला आणि त्याच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या, माणसं दगावली. 1524 साठीही बोट मकरानकडे जातं. पण मकरान दाभोळपासून हजार किलोमीटरहून लांब. तिथल्या भूकंपाने दाभोळच्या समुद्रातलं जहाज खडकावर आपटल्यासारखं हादरेल, हे मला पटायला जड जातं. कोरेआचं वर्णन खरं मानलं तर भूकंप जवळ, आपल्याच किनाऱ्यासमोर झाला असला पाहिजे. आणि भूकंप मकरानला मानला तर कोरेआचे धक्के त्याचे नव्हेत. साक्षीदार म्हणून कोरेआला बोलवायचं आणि त्याने सांगितलेली मुख्य गोष्टच वगळायची, हे बरोबर नाही. राजेंद्रन यांनी लाटेला अनाथ म्हटलं ते म्हणूनच मला प्रामाणिक वाटतं. पुढच्या सांगणाऱ्यांनी तो शब्द गाळला आणि साल ठेवलं.

हा वाद केळशीच्या एका भिंतीपाशी सुटणारा नाही. गावात चढेल एवढी सुनामी एकाच खाडीत शिरून थांबत नाही. वेळास, आडे, आंजर्ले, प्रत्येक खाडीच्या मागे खाजण आहे. तिथे चिखल शांतपणे साठत जातो आणि वाळू सहसा पोचत नाही. लाट आली असेल तर त्या काळ्या चिखलात वाळूची पातळ पट्टी मिळायला हवी. नळी घुसवून चिखलाचा गाभा काढला तर ती दिसेल. तिचं वय काढायला शिंपल्यावर अवलंबून राहायचीही गरज नाही. वाळूचा कण उजेडात शेवटचा कधी होता, हे मोजायची पद्धत आता रुळली आहे, आणि ती वस्तू घडल्याचं नव्हे तर पुरली गेल्याचं वय देते. त्या थरांत काचमणी मिळाले तर चौलच्या गटाशी त्यांची काच ताडून पाहता येईल, म्हणजे खालची मर्यादा एकट्या नाण्यावर राहणार नाही. केळशी धरून चारही खाडींत पट्टी एकाच वयाची निघाली आणि ते वय सोळाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत आलं, तर कोरेआची बखर पुन्हा उघडायची आणि दाभोळसमोरचा समुद्रतळ तपासायला घ्यायचा. पट्टी फक्त केळशीतच मिळाली तर मात्र आधी वादळाचा विचार करावा लागेल, आणि 1524 हे साल पुन्हा गामाच्या जहाजावर नेऊन ठेवावं लागेल.